नारायणरावांचे पापड

"पुसा ते नाव. आत्ताच्या आत्ता पुसा म्हणते ना मी."

तू ओरडत होतीस आणि बुलढाण्याच्या त्या शेतकी प्रदर्शनातली जनावरंसुद्धा चारा चघळायची थांबली होती. मी वाढवून सांगते असं तू जन्मभर म्हणत आलीस. पण सुभद्रे, पलीकडच्या मांडवातला बक्षिसाचा गोऱ्हा तुझ्या आवाजानं दाव्यासकट खाली बसला, हे मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. पेंटर शिडीवर. त्याच्या हातात ब्रश, ब्रशातला लाल रंग त्याच्याच धोतरावर गळतोय, आणि आपल्या गाळ्यावर नवी कोरी पाटी : 'नारायणराव पापडवाले आणि मंडळी, नांदुरा.'

"बाई, मले जे ठाऊक ते मी लिवलं," पेंटर म्हणाला.

"कोनं सांगतलं तुले?"

"सांगाले कायले पाह्यजे? माही बायको घरी तेच म्हनते. नारायणरावचे पापड."

आणि त्या पाटीखाली खुद्द तुझे यजमान नारायणराव उभे. अंगात नवा कोट, कोटाची बाही हाताला पुरत नव्हती म्हणून हात मागे बांधलेले. आपलं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत त्यांनी लग्नपत्रिकेतसुद्धा पाहिलं नव्हतं. ते पाटीकडे बघत होते, तू त्यांच्याकडे, आणि मी तुम्हा दोघांच्या मधोमध मसाल्याच्या डब्याला घट्ट धरून उभी होते.

तुला जाऊन अजून आठवडा झाला नाही. येणारी प्रत्येक बाई उंबऱ्यात पाय ठेवते न् एकच वाक्य बोलते, "नशीबवान वं. भरल्या कुंकवानं गेली." मी मान हलवते. मान हलवून हलवून माझी मान आता सुटी झालीय, रात्री काढून फडताळात ठेवावी लागते. पण खरं कोणाला सांगू? म्हणून तुलाच लिहायला बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कमळे, निदान आता तरी खरं लिव." खरंच लिहिते. थोडं तिखट जास्त पडलं तर मसालेवालीचा हात आहे, समजून घे.

तुझ्याआधी मी काय होते? आमच्या मागच्या पडवीत उखळ होतं आणि उखळाशेजारी मी होते. आमच्या घरी येणाऱ्याला आधी उखळ दिसायचं. मसाला मी कांडायची, शेजारणी वाटीभर न्यायच्या, "छान झाला वं" म्हणायच्या न् वाटी परत करायला विसरायच्या. घराबाहेर पडायचं तर कारण लागायचं. विहीर, देऊळ, कोणाचं बाळंतपण, कोणाची मयत. धंद्यासाठी बाई बाहेर पडली असं नांदुऱ्यात तेव्हा झालं असतं, तर स्टेशनमास्तरनं गाड्या थांबवून बातमी दिली असती.

आणि मग तू मला ते सांगितलंस. नवीन राज्य झालं त्याच्या पुढच्या संक्रांतीची गोष्ट. तू उडदाचं पीठ तिंबत होतीस, मी बसून लाट्या करत होते.

"कमळे, मानसं कुठं भेटतात?"

"कोन्ती मानसं?"

"नवरे. जिनिंगच्या फाटकापाशी भेटतात, अडत्याच्या वट्यावर भेटतात, चहाच्या दुकानात भेटतात. तिथं वळख होते, वळखीतून धंदा होते. आपन कुठं भेटतो?"

"आपन? हळदी-कुंकवाले."

"मंग तिथंच दुकान मांडू."

मी हसले. तू हसली नाहीस. तू हसली नाहीस की मला भ्यायला व्हायचं.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बाईला कोणी अडवत नाही. सासू स्वतः म्हणते, "जा वं, लोक काय म्हनतील, गेली नाही तर." तेवढ्या दिवसांचं दार तू हेरलंस. बाकीच्या बायका वाणात कंगवा द्यायच्या, बोरं द्यायच्या, एखादी ऐपतदार वाटी द्यायची. तू पापड दिलेस. एकीला उडदाचे, एकीला मुगाचे. आणि पापड तरी कसे? तुझा पापड डोळ्यासमोर धरला तर नांदुऱ्यातून शेगावच्या देवळाचा कळस दिसायचा. हे मी शेगावला जाऊन सांगितलं तेव्हा तिथल्या बायका म्हणाल्या, "हाव, आम्हाले इकडून तुम्ही दिसता." म्हणजे तिथंही माझ्यासारख्या होत्याच.

मला तू मसाल्याच्या पुड्या द्यायला लावल्यास. शेगावात यात्रेकरूंना खोल्या देणारी शेवंताबाई, तिला तू तिच्या माहेरच्या नात्यानं शोधून काढलंस. तिच्या खोल्यांत उतरणाऱ्यांच्या ताटात तुझा पापड पडू लागला, भाजीत माझा मसाला. ती तिच्याकडच्या पाहुण्यांना सांगायची, पाहुण्या आपापल्या गावी जाऊन सांगायच्या. मलकापूर, खामगाव, जळंब. कुंकवाच्या करंड्याभोवती तू एवढं मोठं जाळं विणलंस की कोळ्यानं येऊन शिकून जावं.

उखाण्यांची कल्पना मात्र माझी होती. हे मी आधीही म्हणत होते, आजही म्हणते, आणि तू नाही म्हणायला आता येऊ शकत नाहीस. नवऱ्याचं नाव घ्यायचंच आहे, तर त्यात माल का घालू नये? पहिला उखाणा मीच तुला करून दिला :

"उन्हात घातलं वाळवण, राखण करते मैना,
नारायणरावांच्या पापडाले अख्ख्या नांदुऱ्यात जोड येईना."

बायका खळखळून हसल्या, आणि हसता हसता पाठ करून घरी घेऊन गेल्या. मग माझा :

"आगगाडी आली धावत, धूर सोडते वरून,
भाऊरावांचा मसाला खाऊन व्याह्याले घाम फुटला दरदरून."

शेवंताबाईनंही केला. पिंपळाचा पार, दत्तोबांच्या खोल्या, स्वच्छ गादी न् उघडं दार. महिन्याभरात शेगाव-नांदुरा पट्ट्यात पोरी सागरगोटे खेळतानाही तुझा उखाणा म्हणायला लागल्या.

आणि मागणी यायला लागली. तुझ्या दारात लोक आले. मी तुला सांगत होते ना, येतील म्हणून? आले. येऊन विचारलं काय, "पापडवाले नारायणराव घरी आहेत का?"

नारायणराव बिचारे. दिवसभर जिनिंगमध्ये रुईच्या गाठींवर व्यापाऱ्याच्या नावाचा शिक्का मारायचे. कापूस एकाचा, गाठ बांधणारा दुसरा, नाव तिसऱ्याचं. त्यांना ह्यात वावगं काय वाटणार? कोणी वाटेत थांबवून पापडाची तारीफ केली की ते नम्रपणे मान झुकवायचे. हळूहळू मान झुकवण्यात त्यांचा हात बसला. वाईट माणूस नाही. फक्त बोलायचे नाहीत. तुला हाक मारायची झाली तर "अवं" किंवा "ऐकलं का". एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून तुझं नाव मी एकदाही ऐकलं नाही. माझा तर असा समज झाला होता की त्यांना ते ठाऊकच नसावं.

तू तेव्हाही काही बोलली नाहीस. तू बोललीस द्वारका आली त्या दिवशी.

द्वारका शिवणकाम करायची. तिचा नवरा वारलेला, म्हणून ती हळदी-कुंकवाला यायची नाही. कोणी तिला या म्हणायचंही नाही. तू तिला मागच्या दारानं आत घेतलंस आणि बायकांना सांगितलंस, ही माप घ्यायला आलीय. बायका थोड्या आकसल्या, पण झंपर कोणाला नको असतं? उखाण्यांची फेरी सुरू झाली. एकीमागून एक नाव घेत गेल्या आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत फेरी द्वारकापाशी येऊन ठेपली. सगळ्या गप्प. उडदाच्या पिठाला मुंगी लागली तरी ऐकू यावी असं गप्प.

द्वारकानं हातातली सुई पदराला खोचली. म्हणाली, "मी द्वारका. झंपर शिवते. काखेत उसवलं तर परत शिवून देते."

एवढंच. यमक नाही, मैना नाही, आगगाडी नाही. आणि पुढच्या हळदी-कुंकवापर्यंत गावातली प्रत्येक बाई म्हणत होती, "द्वारकाचं झंपर. बसलं तर द्वारकाचंच बसते."

तू मला विहिरीवर गाठलंस.

"पाह्यलं का कमळे? आपल्या सगळ्यांत नाव तिलेच आहे."

"तिले नवरा नाही वं."

"तेच तर म्हनून राह्यली मी."

मी घागर भरली न् उचलून चालायला लागले. तू मागून आलीस. काही वाक्यं अशी असतात की त्यांच्यापासून बाईनं घागर घेऊन पळावं. पण तू पळू देत नव्हतीस.

"एकदा," तू म्हणालीस. "एका तरी गिऱ्हाइकानं माह्या दारात येऊन माह्यं नाव विचारावं. मंग मी मेली तरी चालते."

म्हणून प्रदर्शन. तूच ऐकून आलीस की बुलढाण्याला सगळ्या तालुक्यांचा माल मांडणार आहेत. तूच सगळ्यांना तयार केलंस. तुझे पापड, माझा मसाला, द्वारकाची झंपरं. शेवंताबाई नवऱ्याला काय थाप मारून आली ते तिचं तिलाच ठाऊक. बायकांनी एकट्यानं जायचं नाही म्हणून नारायणराव बरोबर. मोताळ्याच्या पुढं घाटात एसटी अशी हेलपाटत चढली की निम्मे पापड तिथंच भाजून निघाले. तू मात्र खिडकीशी बसून एकच गोष्ट घोकत होतीस. पाटीवर काय लिहायचं. 'सुभद्राबाई पापडवाल्या.' मग म्हणायचीस, नको, बाई नको, नुसतं सुभद्रा.

आणि पोचलो तर पाटी लिहून तयार.

तुझं ओरडणं ऐकून तिथला कारकून आला. चष्मा कपाळावर, पान तोंडात. त्यानं तुझं सगळं ऐकून घेतलं, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. मग म्हणाला, "गाळा घरच्या कर्त्याच्या नावानं असते. पाटी काढायची तर गाळा खाली करा. बाहेर मानसं थांबून आहेत."

तू मागे वळून पाहिलंस. मी मसाल्याच्या डब्याला धरून. द्वारका झंपरांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून. शेवंताबाई पदराचं टोक चावत. कोणी तुला थांब म्हणालं नाही, कोणी जा म्हणालं नाही. पण आम्ही सगळ्या तिथं होतो, हेच तुला बांधायला पुरेसं होतं. तू शिडीखालून आत आलीस, पदर खोचलास आणि पापड मांडायला लागलीस. त्या दिवसानंतर तुझा तो गोऱ्ह्याला बसवणारा आवाज मी परत ऐकला नाही.

माल मात्र असा गेला, असा गेला की शेवटी लोक रिकाम्या टोपल्यांचा वास घेऊन जात होते. एक बाई नारायणरावांना विचारते, "भाऊ, पापडखार किती टाकता?" नारायणराव विचार करून म्हणाले, "बराच." दुसरी झंपर उलटंपालटं करून म्हणाली, "टाका बारीक आहे हो तुमचा." त्यांनी त्यालाही मान झुकवली. आम्ही मागे तोंडात पदर कोंबून हसलो. तूही हसलीस. मी पाहिलं. हसताना तुझे डोळे पाटीच्या मागच्या बाजूला लागलेले होते. मागून पाटी कोरी होती.

परतीच्या गाडीत आपलं भांडण झालं. ते अजून संपलेलं नाही, तू मधेच उठून गेलीस.

"माल गेला ना सगळा?" मी म्हणाले.

"गेला."

"मंग काऊन तोंड पाडून बसली?"

"माल गेला. मी तिथंच राह्यली, पाटीमांगं."

"नाव कोनाचंई असो, चव तर तुहीच ना?"

"चव खाल्ली की संपते, कमळे."

मी तुला तेव्हा जे म्हणाले ते आजही म्हणते. पाटीवर बाईचं नाव असतं तर लोकांनी पापड पाहायच्या आधी विचारलं असतं, हिचा नवरा मेला की पळाला? आपण ज्या दारानं बाहेर पडलो ते दार कुंकवाचं होतं, आणि त्या दारावर नाव नवऱ्याचंच असतं. तू म्हणालीस, "मंग ते दार नाही, ते खिडकी आहे. दिसते सगळं, निंघता येत नाही." मी म्हणाले, खिडकी तर खिडकी, वारा तरी येतो. तू तोंड फिरवलंस. समोरच्या सीटवर नारायणराव पाटी मांडीवर घेऊन झोपले होते. लाकूड चांगलं आहे, फेकायची कशाला, म्हणून ती घरी आणली आणि दारावर ठोकली. त्यानंतर रोज तू ओलं पीठ घेऊन त्या पाटीखालून अंगणात जायचीस, वाळलेले पापड घेऊन त्या पाटीखालून आत यायचीस. मान वर करायची नाहीस. उंची तुझी बेताची, तरी दर वेळी तू वाकून जायचीस.

शेवटच्या दुखण्यात तू मला म्हणालीस, "कमळे, माह्या नावाचा उखाणा कर."

"बाईच्या नावाचा उखाणा नवरा घेते वं, लग्नात."

"त्यांनी तवाई घेतला नाही. लाजले. तू कर."

मी डोकं खाजवलं. तुझ्या आईबापांनी नाव तरी काय ठेवलं. जुळतं ते निद्रा न् मुद्रा. मी म्हणाले, "पापड लाटता लाटता सुभद्रेले लागली निद्रा." तू खोकला येईपर्यंत हसलीस. म्हणालीस, "हे नको, चांगला कर. घाई नाही." मी अजून करतेय. आगगाडीला, मैनेला, उडदाला, सगळ्यांना विचारून झालं. जुळत नाही.

आणि आता एक सांगते, ते तुला ठाऊक नाही, तू डोळे मिटून पडली होतीस.

तुला हिरवं लुगडं नेसवत होते. सवाष्ण म्हणून तुझी ओटी भरायला बायकांची रीघ लागली होती. द्वारका बाहेर, पडवीच्या खांबाला टेकून. तिच्या हातात झंपर होतं. तुझ्या मापाचं, काखेत दुहेरी टाका घातलेलं, ते काय उसवणार होतं आता? एरवी सगळ्या तिचंच झंपर घालतात, पण जाणाऱ्या सवाष्णीच्या अंगावर नवरा गेलेलीच्या हातचं कापड कोण चढू देणार? मी तिच्या हातून ते घेतलं, आत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हे भाऊजींनी खामगावहून आनलं तिच्यासाठी. संक्रांतीले द्याचं होतं." बायकांनी सरकून मला वाट दिली. दोघींनी तर डोळ्यांना पदर लावला. माझ्या सगळ्या थापांत ही सगळ्यात सोपी गेली. तुझ्या अंगावर द्वारकाचं झंपर चढलं, सुभद्रे. नारायणरावांच्या नावानं.

तू माझ्यावर चिडशील. चिड. मला मलकापूरचं स्टेशन तू दाखवलंस, शेवंताबाईच्या ओसरीवर बसून माणसासारखा चहा पिणं तू शिकवलंस, आमच्या घरी आता उखळाआधी मी दिसते ते तुझ्यामुळं. एवढ्या उपकाराच्या बाईला शेवटचं लुगडं नेसवताना मला दुसरं दार सापडलं नाही.

काल बायका जमल्या होत्या. येत्या संक्रांतीचं पहिलं हळदी-कुंकू माझ्या घरी, असं त्यांनीच ठरवून टाकलं. तुझी सून लाटायला शिकलीय, हात बरा आहे. आणि पाटी तीच ठेवायची, म्हणाल्या. गिऱ्हाईक त्याच नावावर येतं. मी कोणाला नाही म्हणू? वाद माझाच होता, त्यांनी मलाच परत वाढला. द्वारका तेवढी सुईत दोरा ओवत बसली.

आज दुपारची गाडी येऊन गेली. मी आणि द्वारका आत डाळ निवडत होतो. बाहेर ओट्यावर नारायणराव बसले होते, त्यांच्याजवळ जिनिंगमधली दोन-चार माणसं. तेवढ्यात एक पाहुणा रस्त्यावरूनच पाटी वाचत आला. भुसावळकडचा असावा, खानावळवाला. हातात रिकाम्या पिशव्या. घरात काय झालंय ते त्याला ठाऊक नव्हतं.

"नारायणराव पापडवाले आपनच ना? लई नाव आहे हो तुमचं. म्हटलं माल घ्याले स्वतःच जावं."

मी डाळीचं सूप खाली ठेवलं. माझ्या तोंडात थाप तयार होती. वाळवण सुरू आहे, पुढच्या आठवड्यात या, सगळं मिळेल. गिऱ्हाईक तुटू द्यायचं नाही, हे तुझंच शिकवणं. मी उठून दारापर्यंत आलेसुद्धा. नारायणरावांनी वर पाटीकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की तो पाहुणाही पाहायला लागला.

"पापड सुभद्राचे होते," ते म्हणाले. "आता नाहीत."